पिल्लाला दर पंधरा दिवसांनी जंताचं औषध, खरंच लागतं का?

करीरोडची_चिंगी | सोमवार, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी, खूप दिवस नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय, विभाग चुकला असेल तर हलवा.

मागच्या रविवारी करी रोड स्टेशनबाहेर वडापावच्या गाडीखाली एक पिल्लू कुडकुडत बसलेलं दिसलं. आई नाही, भावंडं नाहीत, गाडीवाले काका म्हणाले दोन दिवसांपासून इथंच आहे, कोणीतरी आणून सोडलंय. पाऊस लागलेला, तसंच सोडून यायला मन होईना, ओढणीत गुंडाळून घरी आणलं. मुलगी आहे, चिंगी नाव ठेवलंय. डॉक्टरांच्या अंदाजाने दीड महिन्याची, वजन १ किलो ९०० ग्रॅम. खेळते, खाते, पण पोट नगाऱ्यासारखं आणि शी कधी बरी कधी पातळ.

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी जंताचं पातळ औषध पाजलं आणि सांगितलं की पंधरा दिवसांनी परत, त्यानंतर पंधरा दिवसांनी अजून एकदा, मग सहा महिन्यांची होईपर्यंत दर महिन्याला. गोचीड-पिसवांसाठी दर महिन्याला वेगळं काहीतरी, ते पुढच्या खेपेला बघू म्हणाले. मी आपली मान डोलावून आले पण घरी आल्यावर विचार करत बसले. शी तर तपासलीच नाही! मग जंत आहेत हे कशावरून? सासूबाईंचं म्हणणं एवढ्याशा जिवाला इतकं औषध कशाला, वावडिंग दे, आम्ही पोरांना तेच दिलं. नवरा म्हणतो टेस्ट करू, निघाले तर औषध, नाही निघाले तर नको, साधा हिशोब आहे. मैत्रीण म्हणते हे प्रिव्हेंटिव्ह वगैरे सगळं विकायचे धंदे.

मला डॉक्टरांवर शंका नाही घ्यायची, माणूस चांगला वाटला. पण घरात सव्वा वर्षाचा मुलगा आहे, जमिनीवरचं मिळेल ते तोंडात घालतो, त्यामुळे मला हे नीट समजून करायचंय. ज्यांनी पिल्लं वाढवलीयेत त्यांनी सांगा प्लीज.

साधं_सोपं | सोमवार, रात्री ११:३२

आधी अभिनंदन, पिल्लाला घर दिलंत.

मी तुमच्या मिस्टरांच्या बाजूने. रोगच नाही तर औषध कशाला? आमच्या गावाकडे गुहागरला घरी कायम दोन-तीन कुत्री असायची, कोणाला कधी जंताचं औषध दिल्याचं आठवत नाही, बारा बारा वर्षं जगली. शहरात आल्यावर प्रत्येक गोष्टीला गोळी झाली आहे. शी तपासा, रिपोर्ट बघा आणि मग ठरवा. माझा विरोध औषधाला नाही, न बघता देण्याला आहे.

खूर_ते_पंजा | मंगळवार, सकाळी ७:०५

मी पशुवैद्य आहे, पश्चिम उपनगरात प्रॅक्टिस करतो. ओपीडीच्या आधी लिहितोय, थोडं लांबेल.

सगळा गोंधळ त्या 'प्रिव्हेंटिव्ह' शब्दाने झालाय. मोठ्या कुत्र्याला आपण जे देतो ते काही अंशी प्रतिबंधक असतं. दीड महिन्याच्या पिल्लाला जे देतो ते प्रतिबंधक नसतंच, तो उपचार असतो, कारण पिल्लू जंत घेऊनच जन्माला आलेलं असतं. हे वाक्य लोकांना पटत नाही म्हणून कसं होतं ते सांगतो.

राउंडवर्म म्हणजे गोल जंत, शेवयांसारखा लांब पांढरा. कुत्रीच्या पोटात कधीकाळी त्याची अंडी गेली, त्यातून अळ्या निघाल्या, त्यातल्या बऱ्याच आतड्यात न राहता तिच्या स्नायूंत, अवयवांत जाऊन झोपून राहतात. वर्षानुवर्षं. तिथे त्यांना कुठलं नेहमीचं औषध पोचत नाही आणि शी तपासली तरी दिसत नाहीत. ती गाभण राहिली की शेवटच्या दिवसांत या अळ्या जाग्या होतात आणि नाळेतून पिल्लांच्या अंगात शिरतात. म्हणजे पिल्लाने अजून डोळे उघडलेले नाहीत, जमीन चाटलेली नाही, तरी जंत आत आहेत. जन्मल्यावर दुधातून आणखी येतात. हुकवर्म नाळेतून नाही येत पण दुधातून येतो, आणि तो जास्त वाईट, कारण तो आतड्याला चावून रक्त पितो.

आता दर पंधरा दिवसांनीच का? तर आपण देतो ते औषध, लहान पिल्लांना बहुतेक पायरँटेल, ते फक्त आतड्यातल्या जंतांवर चालतं. जंत लुळा पडतो आणि शीतून बाहेर येतो. ते रक्तात फारसं शोषलं जात नाही म्हणूनच एवढ्याशा पिल्लाला सुरक्षित आहे, पण त्याच कारणाने यकृतातून, फुप्फुसातून प्रवास करत असलेल्या अळ्यांना ते हातही लावत नाही. आज आतडं साफ केलं, दहा दिवसांत पुढची तुकडी फुप्फुसातून खोकल्यावाटे घशात आणि घशातून परत आतड्यात. त्यांना मोठं होऊन अंडी घालायच्या आत गाठायचं म्हणून पंधरा दिवस. दोन आठवड्यांच्या वयापासून सुरू करून दोन, चार, सहा, आठ आठवडे आणि मग सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला, हे वेळापत्रक उष्ण कटिबंधातल्या देशांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांतही असंच आहे. चिंगीचे पहिले दोन डोस तर आधीच हुकलेत. डॉक्टरांनी तुम्हाला बरोबर सांगितलंय.

टेस्टबद्दल आणि गोचिडांबद्दल संध्याकाळी लिहितो.

रात्रपाळी | मंगळवार, सकाळी ७:५०

डॉक्टरांना अनुमोदन. मी भांडुपला राहतो, रात्रपाळी करून येताना पहाटे गल्लीतल्या कुत्र्यांना खायला घालतो, आठ वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो, सांगताना अजून त्रास होतो.

नाल्याच्या कडेला एका कुत्रीला सहा पिल्लं झाली. मस्त गुबगुबीत. मी आईला खाऊ घालत होतो, पिल्लं दूध पितायत, मला वाटलं अजून काय पाहिजे. पिल्लं अठरा-एकोणीस दिवसांची असताना एक थंड पडलं, दुसऱ्या दिवशी अजून एक. मला वाटलं थंडी लागली, गोणपाट टाकलं. तिसरं उचललं तेव्हा त्याच्या हिरड्या बघितल्या, पांढऱ्याफटक, कागदासारख्या. शी डांबरासारखी काळी. रिक्षा करून चौघांना परळला बैलघोड्याला, म्हणजे तिथल्या प्राण्यांच्या दवाखान्यात नेलं, तिथल्या डॉक्टरांनी बघताक्षणी सांगितलं हुकवर्म, रक्त संपलंय अंगातलं. तिसरं रिक्षातून परत येताना गेलं. तीन वाचली. 

मी त्यांना विचारलं की आधी शी तपासली असती तर कळलं असतं का, तर म्हणाले पहिल्या दोघांच्या शीत कदाचित अंडी दिसलीही नसती, जंत अंडी घालण्याआधीच पिल्लू जातं. ते ऐकल्यापासून मी कुठल्याही पिल्लाच्या बाबतीत टेस्टची वाट बघत नाही. चौदा दिवस झाले की वजन करायचं आणि औषध पाजायचं.

साधं_सोपं, तुमच्या गावच्या कुत्र्यांबद्दल राग मानू नका, पण जी बारा वर्षं जगली ती तुम्हाला आठवतायत. त्याच वेतातली जी दुसऱ्या महिन्यात गेली ती कोणाच्या लक्षात राहतात?

साधं_सोपं | मंगळवार, सकाळी ९:१५

रात्रपाळी, राग कसला. खरंय तुमचं. आमच्याकडे पाच-सहा पिल्लांतली एक-दोनच उरायची आणि आजी म्हणायची 'नजर लागली'. मी तसा विचारच केला नव्हता.

बालवाडीच्या_बाई | मंगळवार, दुपारी १:४०

मला कुत्र्यांतलं काही कळत नाही पण 'टेस्टशिवाय औषध कसं' यावर एक सांगते. दर वर्षी १० फेब्रुवारीला राष्ट्रीय जंतनाशक दिन असतो, २०१५ पासून. एक ते एकोणीस वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत, शाळेत अल्बेंडाझोलची गोळी आमच्या समोर चघळायला लावतो. त्या दिवशी एकाही मुलाची शी तपासत नाहीत. कारण जिथे जंत इतके सर्रास आहेत तिथे प्रत्येकाला तपासत बसण्यापेक्षा सगळ्यांना सुरक्षित औषध देणं सोपं आणि फायद्याचं. पालक दरवर्षी हाच प्रश्न विचारतात आणि मी दरवर्षी हेच समजावते. म्हणून वाचताना ओळखीचं वाटलं.

दोन_शेपट्या | मंगळवार, दुपारी २:०५

बाई, चांगला मुद्दा. मग एक बाळबोध शंका, घरात तीच मुलांची गोळी आहे, अर्धी करून पिल्लाला दिली तर? आमच्या शेजारी देतात.

खूर_ते_पंजा | मंगळवार, दुपारी २:२०

दोन पेशंटच्या मध्ये घाईत लिहितोय. नका देऊ. अल्बेंडाझोलने कुत्र्यांमध्ये अस्थिमज्जा दबल्याच्या, पांढऱ्या पेशी घसरल्याच्या केसेस नोंदलेल्या आहेत. त्यात माणसाच्या मुलाची ४०० मिलिग्रॅमची गोळी, अर्धी केली तरी दोन किलोच्या पिल्लाला ती किलोमागे १०० मिलिग्रॅम पडते. कुत्र्यांसाठी जास्त सुरक्षित औषधं केमिस्टकडे असताना हे करायचं काहीच कारण नाही. शेजाऱ्यांनाही सांगा.

सूक्ष्मदर्शक | मंगळवार, सायंकाळी ६:३०

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, प्राण्यांचे सँपल रोज बघते. टेस्टच्या विरोधात मी कशी बोलणार, पोटच त्यावर आहे, पण टेस्ट काय सांगते आणि काय सांगत नाही हे स्पष्ट असावं म्हणून लिहिते.

आम्ही जंत बघत नाही, जंताची अंडी बघतो. शी मिठाच्या किंवा साखरेच्या दाट पाण्यात ढवळतो, अंडी हलकी असल्याने वर तरंगतात, ती काचेवर घेऊन बघतो. आता आतड्यात कोवळे जंत असतील तर अंडी नाहीत. नुसते नर असतील तर अंडी नाहीत. मादी आहे पण त्या दिवशी कमी घातली, किंवा आणलेलं सँपल वाटाण्याएवढं आणि काल सकाळचं, तर नाही दिसणार. टेपवर्म म्हणजे चपटा जंत, त्याची अंडी पाकिटात बंद असतात, ती तर आमच्या काचेवर क्वचितच येतात, ते मालकालाच शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखं वळवळताना दिसतं. म्हणून पिल्लाच्या रिपोर्टवर 'काही आढळले नाही' लिहिलेलं असलं तर त्याचा अर्थ 'जंत नाहीत' असा घ्यायचा नाही. 

पण टेस्टचा खरा उपयोग दुसरीकडे आहे. जिआर्डिया आणि कॉक्सिडिया. हे जंत नाहीत, एकपेशी जीव आहेत, पिल्लांत खूप सापडतात, आणि तुमच्या त्या पायरँटेलने त्यांना काहीच होत नाही. चिंगीची शी औषधानंतरही पातळच राहिली तर ताजं सँपल, शक्यतो तीन दिवसांचं थोडं थोडं, घेऊन तपासा. परळच्या व्हेटर्नरी कॉलेजात, १८८६ पासूनचं जुनं कॉलेज आहे ते, किंवा जवळच्या लॅबमध्ये. म्हणजे तुमचे मिस्टर चुकीचे नाहीत, फक्त 'टेस्ट की औषध' असा प्रश्न नाहीये तो, औषध तर द्यायचंच आणि टेस्ट त्याच्या जोडीला.

करीरोडची_चिंगी | मंगळवार, रात्री ९:०५

बापरे, एका दिवसात एवढं! सगळ्यांचे मनापासून आभार. रात्रपाळी, तुमचा प्रतिसाद वाचून मी आधी उठून चिंगीच्या हिरड्या बघितल्या, गुलाबी आहेत.

आणि आज सकाळी शीमधून निघाले. चार. वीतभर. एक तर हलत होता. मी किंचाळले, सासूबाई धावत आल्या, बघून गप्प झाल्या आणि म्हणाल्या, 'एवढाल्लं पोटात घेऊन खेळत होती गं बिचारी.' वावडिंगाचं नाव नंतर घेतलं नाही त्यांनी.

आता मुलाबद्दल सांगा कोणीतरी. तो तिला दिवसभर मिठ्या मारतो, ती त्याचं तोंड चाटते. मला आता झोप नाही लागणार.

खूर_ते_पंजा | मंगळवार, रात्री १०:४५

ताई, घाबरू नका, कारण इथे वेळ तुमच्या बाजूने आहे. 

राउंडवर्मचं अंडं शीतून बाहेर पडतं तेव्हा ते लगेच बाधा करू शकत नाही. त्याच्या आत अळी तयार व्हायला जमिनीत साधारण दोन ते चार आठवडे लागतात. म्हणजे चिंगीने आज केलेली शी आजच उचलून फ्लश केली, फडक्याने पुसून जागा गरम पाण्याने धुतली, तर ती साखळी तिथेच तुटली. धोका असतो तो कधीतरी पडून मातीत मिसळून गेलेल्या शीचा, कारण मातीत ती अंडी वर्षानुवर्षं टिकतात, फिनाईलने मरत नाहीत. सोसायटीची बाग, मुलांचा वाळूचा खड्डा, कुंड्यांतली माती. लहान मूल ती माती तोंडात घालतं, अळी आतड्यातून निघून शरीरात भटकते, यकृतात जाते, आणि क्वचित डोळ्यात जाते. डोळ्यात गेली तर दृष्टी कायमची जाऊ शकते. क्वचित होतं, पण होतं, आणि एक मादी दिवसाला लाखभर अंडी घालू शकते हे लक्षात घेतलं तर पिल्लाला वेळेवर औषध देणं हे निम्मं तुमच्या मुलासाठी आहे असं समजा.

हुकवर्मचं वेगळं, त्याच्या अळ्या ओल्या गरम जमिनीत आठवडाभरात तयार होतात आणि अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतात. पायावर लाल वेडीवाकडी रेष उठते आणि प्रचंड खाजते. चौपाटीच्या वाळूत मुलांना अनवाणी सोडताना हे डोक्यात असू द्या.

तुम्ही करायचं एवढंच: शी लगेच उचला, मुलाचे हात जेवणाआधी साबणाने, त्याची नखं कापलेली, आणि चिंगीच्या तारखा चुकवू नका. मिठ्या मारू द्या त्याला.

बोरिवलीची_लोकल | बुधवार, सकाळी ८:४०

जंतांचं सगळं सांगून झालंय, मी गोचिडांवर लिहिते कारण तिथे मी स्वतः चुकले.

आमचा बिस्कीट पाच महिन्यांचा होता तेव्हा गोचिडाचं औषध मी 'केमिकल नको' म्हणून टाळलं. कडुनिंबाचं तेल लावायचे, रोज विंचरायचे, सापडली ती चिमट्याने काढून रॉकेलमध्ये. मला वाटायचं मी किती काळजी घेते. एक दिवस पडदा धुवायला काढला तर भिंत आणि पेल्मेटच्या फटीत राखाडी मणी मणी, शेकड्यांनी. मग कळलं की ही तपकिरी गोचीड प्रत्येक वेळी रक्त पिऊन कुत्र्यावरून खाली उतरते, भिंतीवर चढते, फटीत जाऊन कात टाकते किंवा हजारो अंडी घालते, आणि परत कुत्रा शोधत येते. मधे महिनोन्‌महिने उपाशी राहू शकते. मी अंगावरच्या मोजत होते आणि घर त्यांचं झालं होतं.

सातव्या महिन्यात ताप, जेवण बंद, नाकातून रक्त. एहर्लिकिया, गोचिडाच्या चाव्यातून होणारा रक्ताचा आजार. प्लेटलेट २२ हजार. आमच्या पहिल्या डॉक्टरांनी आधी तीन दिवस साध्या तापाचं इंजेक्शन दिलं, रक्त तपासलं नाही, दुसरीकडे गेलो तेव्हा निदान झालं. अठ्ठावीस दिवस डॉक्सीसायक्लिन. वाचला. पण त्या महिन्यात मी ऑफिसात लोकलमध्ये कुठेही बसले तरी रडायला यायचं. मुंबईत गोचिडांना हिवाळा आडवा येत नाही, बाराही महिने असतात, त्यामुळे 'पावसाळ्यात बघू' असं काही नसतं.

दोन_शेपट्या | बुधवार, सकाळी ९:३०

बोरिवली, वाचून काटा आला. पण त्या गोचिडाच्या चघळायच्या गोळ्यांनी फिट येतात असं वाचलंय, त्याचं काय? माझी मोठी कुत्री कोली मिक्स आहे, तिला तर म्हणे काही औषधं चालतच नाहीत.

खूर_ते_पंजा | बुधवार, दुपारी ३:१५

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गोळ्यांबद्दल: अमेरिकेच्या एफडीएने २०१८ साली त्या सगळ्या गटाबद्दल सावधगिरीची सूचना काढली, की काही कुत्र्यांत थरथर, तोल जाणं, फिट येणं दिसलंय. बाजारातून काढली नाहीत, बहुतेक कुत्र्यांना ती नीट चालतात, पण ज्याला आधी फिट आलीये त्याच्या डॉक्टरला ते माहीत असलं पाहिजे. चिंगीला आत्ता तसंही नको, त्यातल्या बहुतेक गोळ्या आठ आठवडे पूर्ण आणि साधारण २ किलो वजन झाल्यावर. तोपर्यंत बारीक कंगवा, आणि पिसवा जास्त असतील तर फिप्रोनिलचा स्प्रे लहान पिल्लांनाही चालतो, मात्र किती आणि कसा ते डॉक्टरांनी दाखवायचं. घरी मांजर असेल तर परमेथ्रिन असलेलं काहीही आणू नका, मांजराला ते विष आहे.

कोलीबद्दल: तुम्ही म्हणताय ते औषध म्हणजे आयव्हरमेक्टिन. कोली, शेल्टी, ऑस्ट्रेलियन शेफर्ड या जातींतल्या अनेक कुत्र्यांत एका जनुकात दोष असतो, मेंदूत शिरलेलं औषध बाहेर काढणारा पंप काम करत नाही. ज्या औषधाच्या शोधासाठी २०१५ चं नोबेल मिळालं तेच औषध खरजेच्या मोठ्या डोसमध्ये या कुत्र्यांना कोमात नेऊ शकतं. हार्टवर्मसाठी, म्हणजे हृदयातल्या जंतांसाठी देतात तो डोस इतका सूक्ष्म असतो की तो यांनाही चालतो, पण त्याचंच गायीगुरांचं इंजेक्शन अंदाजाने टोचणं हे इंडी म्हणजे देशी पिल्लाच्या बाबतीतही करू नये. रात्रपाळी, तुमच्या फीडर ग्रुपवर हे जरूर टाका, तिथे ती बाटली फिरते हे मला माहीत आहे.

साधं_सोपं | बुधवार, रात्री ८:५०

पिल्लांचं पटलं, पूर्ण पटलं. पण माझा मूळ मुद्दा मी सोडत नाही. मोठ्या कुत्र्याला जन्मभर दर महिन्याला जंताचं औषध देणारे लोक मी बघतो, फ्लॅटमधून खाली न उतरणाऱ्या कुत्र्याला पण. ते तरी बरोबर आहे का?

खूर_ते_पंजा | बुधवार, रात्री ११:२०

इथे मी तुमच्या बाजूला येतो. सहा महिन्यांनंतर हिशोब बदलतो. तेव्हा कुत्रा कसा राहतो ते बघायचं: मोकळा फिरतो का, कच्चं मांस किंवा उंदीर खातो का, घरात लहान मूल आहे का. माहितीच नसेल तर वर्षातून चार वेळा हा सर्वसाधारण नियम, किंवा शी तपासून निकालाप्रमाणे. डोळे मिटून दर महिन्याला जन्मभर, याची किंमत आहे. अमेरिकेत शर्यतीच्या ग्रेहाउंड कुत्र्यांना पिढ्यान्‌पिढ्या सतत औषधं दिली गेली आणि त्यांच्यातून आता असे हुकवर्म पसरलेत जे एकाच वेळी अनेक औषधांना दाद देत नाहीत. आपल्याकडे ती वेळ यायला नको असेल तर मोठ्या कुत्र्यांत टेस्टची सवय लावायला हवी, आणि औषध देताना वजन करूनच द्यायला हवं. अंदाजाने दिलेला कमी डोस म्हणजे जंताला शिकवणी. 

पण हाच युक्तिवाद कोणी दीड महिन्याच्या पिल्लाला लावला तर मी भांडेन.

रात्रपाळी | गुरुवार, पहाटे ५:४०

डॉक्टर, आमच्या गल्लीत एक गाभण आहे. पिल्लं व्हायच्या आधी आईला औषध दिलं तर पिल्लांत जंत कमी येतील का?

खूर_ते_पंजा | गुरुवार, सकाळी ७:००

येतील, पण एका डोसने नाही. फेनबेंडाझोल गर्भारपणाच्या चाळिसाव्या दिवसापासून पिल्लं चौदा दिवसांची होईपर्यंत रोज द्यावं लागतं. रस्त्यावरच्या कुत्रीचा चाळिसावा दिवस कोणाला कळणार आणि रोज कोण देणार. जमत असेल, ती तुमच्या हातून रोज खात असेल, तर मला फोटो पाठवा, अंदाज सांगतो. नाहीतर पिल्लं दोन आठवड्यांची झाली की पिल्लांबरोबर तिलाही त्याच दिवशी द्या.

मुलुंडचे_आजोबा | गुरुवार, सकाळी १०:१०

सगळी चर्चा वाचली, फार उपयोगी. एकच भर घालतो. पिल्लू उलट्या करत असेल, रक्ताची दुर्गंधी शी होत असेल आणि खाणं सोडलं असेल तर 'जंत असतील' म्हणून घरी औषध पाजत बसू नका. आम्ही बसलो होतो दोन दिवस. तो पार्वो होता, विषाणूचा आजार. लसीकरण व्हायच्या आधीच गेली आमची राणी.

करीरोडची_चिंगी | पंधरा दिवसांनी, रविवार, सकाळी ११:५०

अपडेट द्यायचं राहिलं होतं. आजोबा, तुमचं वाचून चिंगीची पहिली लस लगेच करून घेतली.

दुसरा डोस झाला. या वेळी एकच बारीक निघाला. वजन २ किलो ६५० ग्रॅम, पोट बरंच बसलंय, केसांना चमक आलीये. पण शी पातळच होती म्हणून सूक्ष्मदर्शक म्हणाल्या तसं तीन दिवसांचं सँपल डबीत घालून तपासायला दिलं, आणि जिआर्डिया निघाला. पाच दिवसांचं वेगळं औषध, रोज तिचं मागचं अंग धुवायचं, भांडी उकळत्या पाण्यात. आज तिसरा दिवस, शी घट्ट. नवरा म्हणतो बघ मी सांगितलं होतं टेस्ट कर, मी म्हटलं हो आणि ते चार वीतभर टेस्टची वाट बघत बसले असते का, तर दोघंही गप्प बसलो.

सासूबाईंनी कालनिर्णयवर पुढच्या चार महिन्यांच्या तारखांना लाल गोल केलेत आणि पिठाच्या काट्यावर परात ठेवून तीत चिंगीला बसवून दर रविवारी वजन त्याच करतात. 

एक शंका, आमच्या खालच्या मजल्यावर मांजरीने पिल्लं दिलीयेत, त्यांनाही दोन आठवड्यांपासूनच का?

खूर_ते_पंजा | रविवार, दुपारी १२:३०

छान वाढतेय चिंगी. मांजरांत जंत नाळेतून येत नाहीत, दुधातून येतात, म्हणून तीन आठवड्यांपासून, पुढे तसंच पंधरा पंधरा दिवसांनी. वजन मात्र त्याच काट्यावर करा, आणि त्यांच्यासाठी नवा धागा काढा, इथे सापडणार नाही कोणाला.